आधी हिला बघा

भीतीवर संशोधन करणाऱ्या बाईने स्वतः भित्रं असू नये, असा काही नियम नाही. असता तर माझी नोकरी पहिल्याच आठवड्यात गेली असती.

आमच्या मानसशास्त्र विभागात तेव्हा भावनांच्या नियमनावर काम चाललं होतं. राग, दुःख, भीती आली की माणूस तिचं काय करतो, आणि जे करतो ते त्याला पुढे मानवतं का, हा विषय. समोर बसलेल्या माणसाच्या बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावायचा आणि पडद्यावर अपघाताची नाहीतर ऑपरेशनची छोटी फिल्म दाखवायची. काहींना सांगायचं, जे वाटेल ते वाटू द्या. काहींना सांगायचं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. मी शेजारच्या खोलीत बसून त्यांच्या नाडीची रेघ बघायचे. 'दिसू देऊ नका' म्हटल्यावर पुणेकर जे काही बसतात! या कामात आमचा हात कुणी धरणार नाही. एकेक जण असा मख्ख, की मंगल कार्यालयात दुसऱ्या पंगतीची वाट बघतोय असं वाटावं. आणि इकडे रेघ उधळलेली. चेहरा गप्प बसवला म्हणून काळीज गप्प बसत नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते.

यंत्र नवीन आलं तेव्हा ते नीट चालतंय का हे बघायला मी घरचंच माणूस नेलं होतं. आमचे हे. वाघोलीतल्या शेतकरी घरातले, उंचेपुरे, बोलायला कमी. फिल्म संपली तरी यांच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा उडाली नव्हती. रेघ मात्र अशी धावली होती, की आमच्या मार्गदर्शक बाईंना यंत्रच बिघडलंय असं वाटलं. मी यांना विचारलं, "काही वाटलं का हो?" तर म्हणाले, "काय वाटायचंय? पिक्चर तर हाय."

मला स्वतःला हे दाबणं कधीच जमलं नाही. पहिला झटका आला तो येरवड्याच्या पुलावर, भर गर्दीत, दुचाकीवर. छातीत धडधड, हातांना मुंग्या, घशाला कोरड, आणि आपण आत्ता, या बसच्या धुरात मरणार याची पक्की खात्री. त्यानंतर झटका आला की मी यांना सोबत घेऊन दवाखान्यात धावायचे. दर वेळी ईसीजी स्वच्छ. शेवटी शेवटी तिथला वॉर्डबॉय मला बघून 'या ताई' म्हणायला लागला, माहेरी आल्यासारखं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी पुढच्या वेळी पुन्हा धावायचेच.

मार्गदर्शक बाईंनी एकदा मला समोर बसवलं. "दर वेळी धावलीस तर तुझ्या मनाला वाटणार, धावण्यासारखं काहीतरी होतंच. पुढच्या वेळी बसून राहा. श्वास लांब सोड. समोर जे दिसतंय त्याची नावं घे. भीती चढते तशी उतरते, तिला उतरू दे." तज्ज्ञांनी माझं हृदय ठणठणीत असल्याचं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या हे बोलू शकल्या. आधी हृदय तपासून घ्यायचं, हा भाग आमच्या घरात कुणी लक्षातच ठेवला नाही.

बाकीचं मात्र आमच्या घरात कुळाचारासारखं पाळलं जाऊ लागलं. धडधडलं की धावायचं नाही, बसायचं. सासूबाईंना हे पटलं नव्हतं. त्यांच्या मते मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या की सगळं निस्तरतं. पण यांनी ही विद्या अशी उचलली की विचारू नका. आम्ही शेताच्या एका तुकड्यावर खोल्या बांधून इंजिनिअरिंगच्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं घाबरून खाली यायची. मी मानसशास्त्राची बाई घरात असताना ती जायची यांच्याकडे. हे त्यांना ओट्यावर बसवून म्हणायचे, "सोड श्वास. अजून सोड. आता सांग, काय काय दिसतंय?" पोरं शांत होऊन वर जायची. मला आतून जळायला व्हायचं, पण अभिमानही वाटायचा.

तो दिवस उन्हाळ्यातला, सकाळचा. पाण्याचा टँकर आला होता आणि हे पाइप ओढून टाकीत सोडत होते. मी डबा भरून विभागात निघायच्या तयारीत. बाहेर आले तर हे ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले, डोळे मिटून, श्वास लांब लांब सोडत.

"काय झालं हो?"

"काय नाय गं. तुझंच आलंय मला. बसतंय आता."

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. इतकी वर्षं या घरात एकटी मीच भित्री होते. मी डबा खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, काय दिसतंय सांगा. त्यांनी डोळे उघडले. "टँकर," म्हणाले. "पाइप. आई." सासूबाई दारात उभ्या होत्या. "आन् तू," एवढं म्हणून थांबले. मानेवरून घामाची धार बनियनमध्ये उतरत होती. पण ऊन होतं, पाइप जड होता, घाम मलाही आला होता.

"दुखतंय का कुठं?"

"जबड्यात जरा. अक्कलदाढ असंल."

आणि माझ्या मनात आलं, जबड्यातली कळ हृदयाचीही असते.

पण आता मनात आलेल्यावर विश्वास कसा ठेवायचा? माझी भीती खोटं बोलते, हे मी मोठ्या कष्टाने शिकले होते. लांडगा आला रे आला म्हणून मी कितीदा ओरडले होते, आणि कधी कोल्हंसुद्धा आलं नव्हतं. मी बसून राहिले. हेही बसून राहिले. आम्ही दोघं शहाण्या माणसांसारखे ओट्यावर बसून श्वास सोडत होतो. सासूबाई म्हणाल्या, "आगं, त्याचं त्वांड बघ कसं झालंय. दवाखान्यात न्या की त्याला."

मी म्हटलं, "अहो, जायचं का?"

"तू म्हनशील तसं," हे म्हणाले.

लग्न झाल्यापासून हा माणूस मला कधी असं म्हणाला नव्हता. भाजी कुठली आणायची यावरसुद्धा आमचं वाजायचं. 'मॅडम, तुमचं शास्त्र तुमच्या हापिसात' हे यांचं ठरलेलं उत्तर. आणि आज वाद नाही, टोमणा नाही. मी उठले. ईसीजी स्वच्छ आला तर वॉर्डबॉय हसेल, हसू दे.

रुग्णवाहिकेला फोन केला तर ती खराडीच्या अलीकडे गर्दीत अडकलेली. आता गाडी मलाच काढावी लागणार होती. पुलावरच्या त्या झटक्यानंतर नगर रोडवर मी कधी गाडी चालवली नव्हती. किल्ली लावतानाच हातांना मुंग्या आल्या. गेटबाहेर पडेपर्यंत घसा कोरडा. ट्रक, डंपर, उलटे घुसणारे टू-व्हीलरवाले, आणि माझ्या छातीत ढोल वाजत होता. एका गाडीत दोन माणसं, दोघांना घाम, दोघांची छाती भरून आलेली. त्यातलं एक मरत होतं, आणि कोणतं ते मला कळत नव्हतं.

मी स्टिअरिंगला लटकून हुंदके देत होते. शेजारून हळू आवाज आला, "सोड श्वास. अजून सोड."

"गप्प बसा!" मी किंचाळले. "तुम्ही एक अक्षर बोलू नका!"

ते गप्प बसले, आणि ते गप्प बसल्यावर मी आणखी घाबरले. "बोला हो," म्हटलं. "काहीतरी बोला." तर म्हणाले, "डाव्या अंगानं घे. रिक्षा हाय पुढं."

दवाखान्याच्या दारात मी गाडी कशीतरी तिरकी लावली आणि उतरले. पाय लटपटत होते, दरवाजा धरून उभी राहिले. व्हीलचेअर घेऊन एक माणूस धावत आला आणि त्याने मला तिच्यात बसवलं. एक नर्स माझ्या मनगटाला हात लावून म्हणाली, "ताई, घाबरू नका, छातीत दुखतंय का?" माझे दात एकमेकांवर आपटत होते, शब्द फुटेना. हे गाडीतून उतरून माझ्यामागे येऊन उभे राहिले होते. सरळ, एका हाताने खुर्चीची पाठ धरून, चेहऱ्यावर सुरकुती नाही.

नर्सने त्यांना विचारलं, "कधीपासून होतंय यांना?"

"हिला हे जुनंच हाय," हे म्हणाले. "आधी हिला बघा."

खुर्ची आत निघाली. मला, एका धडधाकट बाईला, ती माणसं लगबगीने आत नेत होती, आणि माझा नवरा मागे रांगेत उभा राहिला होता, केसपेपर काढायला! मी खुर्चीतून अंग बाहेर टाकलं. गुडघा फरशीवर आपटला. "मी नाही!" मी ओरडले, तेव्हा कुठे आवाज फुटला. "मी नुसती घाबरलीय. आजारी ते आहेत. ते, ते बघा, ते उभे आहेत ते!"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते जरा ओशाळल्यासारखं हसले आणि खाली बसले.

पुढचं फार पटापट झालं. ईसीजीची पट्टी निघाली, डॉक्टर धावले, माझ्या सह्या घेतल्या, त्यांना लिफ्टने वर नेलं. हृदयाची एक मुख्य नळी बंद झाली होती, ती उघडली. नंतर डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." मग मला म्हणाले, "पण हे चालत आत आले म्हणता? वेदना कमी नव्हत्या हो त्यांना." ओट्यावर आम्ही शहाण्यासारखे किती वेळ बसलो होतो, ते त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

हे घरी आले. जखम भरते तसं हृदयही भरतं म्हणे. माझंच काही भरून येईना. ते जिन्यावर थांबले की मी थांबायचे. जेवताना घास अडखळला की माझा हात तिथेच राहायचा. "काही होतंय का?" म्हटलं की "काय नाय." त्या 'काय नाय'ची मला अशी दहशत बसली, की मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. कारण आता मला ठाऊक होतं. या माणसाला काही होईल तेव्हाही तो हेच म्हणणार, ह्याच चेहऱ्याने. मी विभागात दिवसभर रेघा बघायचे, आणि घरी ज्याची रेघ बघायला हवी त्याच्या बोटाला चिमटा नव्हता. किती समजावलं, भांडले, शपथा घातल्या. "बरं," म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

आणि एका दुपारी, पावसाळा संपत आला होता तेव्हा, मी आत कपडे घड्या करत होते, तर बाहेरून हाक आली. हाक कसली, आरोळीच. धावले. हे ओट्याच्या पायरीवर बसलेले, दोन्ही हातांनी छाती धरून. वरच्या मजल्यावरून भाडेकरू पोरं वाकून बघत होती, सासूबाई समोर. त्या सगळ्यांच्या देखत माझा नवरा लहान मुलासारखा रडत म्हणाला, "अगं, मला लई भ्या वाटतंय. मला घेऊन चल."

मी गाडी काढली. तेच ट्रक, तोच रस्ता. दवाखान्यात या वेळी त्यांना खुर्चीत बसवलं. पट्टी निघाली. रक्त तपासलं. पुन्हा पट्टी. मी भिंतीला टेकून उभी. शेवटी डॉक्टर बाहेर आले. "काही नाही. हृदय छान चाललंय. नुसते घाबरलेत."

हे मान खाली घालून शर्टाची बटणं लावत होते. "उगाच पळवलं तुला," म्हणाले.

मला रडू फुटलं. तिथेच, त्या बोळात, मोठ्याने. डॉक्टर गोंधळले. "अहो मॅडम, आता कशाला रडताय? काही झालेलं नाही त्यांना."

मी यांचा हात धरून म्हणाले, "सांगितलंत. तुम्ही मला सांगितलंत."