भानुदासकाकांचे कान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की जीभ भलतंच बोलायला लागते — धंद्याचं, पाण्याचं, त्या वर्षांतल्या उन्हाचं. आजही कदाचित तसंच होईल.

पुंडलिकनगरात माझं दुकान होतं. लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून डीव्हीडी करून द्यायचो. दुष्काळाची वर्षं होती. गल्लीत सकाळी टँकर यायचा आणि त्याच गल्लीच्या टोकाला नव्या इमारतींचे स्लॅब पडायचे. गावाकडून लोक शहरात राहायला येत होते, सामानातून कॅसेटी आणत होते. लोक म्हणायचे, याच्या कॉपीचा आवाज एकदम साफ. त्या 'साफ'चा मला फार अभिमान होता — सगळं तिथूनच सुरू झालं असेल का?

भानुदासकाका वेरूळकडचे. मुलाकडे राहायला आलेले. ते हार्मोनियम जुळवायचे. आसपासच्या गावांतली भजनी मंडळं त्यांच्याकडे पेट्या घेऊन यायची. काका एकेक सूर दाबून, डोळे मिटून ऐकायचे, मग आतली पितळी पट्टी कानशीनं जराशी घासायचे. यंत्रबिंत काही नाही. सगळा कारभार कानांवर.

त्यांनी मुलाच्या लग्नाची कॅसेट आणली. तीत काकू मंगलाष्टकं म्हणत होत्या आणि काका पेटीवर होते. काकू जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा आवाज आणखी कुठंच नव्हता. हे काकांनी मला सांगितलं होतं. दोनदा.

त्याआधी कॉपी केलेल्या दुसऱ्या कुणाच्या लग्नातला बँड इतका कर्कश होता की रेकॉर्डरचा काटा लाल रेघेवर आपटत होता. म्हणून मी आवाजाचं बटण खाली आणलं आणि काकांची कॅसेट लावताना ते परत वर न्यायचं विसरलो. एवढंच. विसरणं काही गुन्हा नाही, असं मी स्वतःला कितीदा म्हटलं असेल! पण कॅसेट मागं फिरवताना बुरशी धरलेली फीत अडकली आणि तुटली. आता जे काही होतं ते त्या एका डीव्हीडीवर.

डीव्हीडी नेल्यावर चार दिवसांनी काका परत आले. घरचे कामावर गेले की दुपारी एकटेच ती बघायचे. म्हणाले, "चित्र झकास आहे लेका, पण हिचा आवाज लई बारीक येतोय. का माझेच कान गेले?"

चेष्टेतच विचारलं होतं त्यांनी. आणि मला — मला त्या क्षणी सगळं कळलं होतं. बटण, काटा, सगळं. पण दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. मी डीव्हीडी लावली आणि दुकानातल्या मोठ्या स्पीकरचा आवाज गुपचूप पुरता वाढवला.

"येतोय की काका, खणखणीत. वय झालं आता, कान उतरायचेच."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "आता पेटी डोळ्यांनी जुळवा, काका!" मीही हसलो. काका हसले नाहीत. "व्हय," एवढंच म्हणाले.

त्यानंतर पेट्या बंद. आलेल्या मंडळांना काका परत पाठवू लागले. "कानाचा भरवसा नाय राहिला. बेसूर पेटी कुणाच्या गळ्यात मारू?" हे मला त्यांच्या सूनबाईंनी टँकरपाशी सांगितलं. दवाखान्यात चला म्हटलं तर येत नाहीत, म्हणाल्या. आणि मी? मी मान हलवली.

दीड वर्षानं दुकानात कॉम्प्युटर आला. डीव्हीडीतला आवाज वेगळा काढून वाढवता येतो हे शिकलो. काकांची डीव्हीडी मागून आणली. अर्ध्या तासाचं काम निघालं. थोडी खरखर वाढली, पण काकू स्पष्ट आल्या. आता काकांना खरं सांगून टाकायचं — वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. काकांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "कमी ऐकू येणाऱ्यांसाठी खास आवाज वाढवून आणलाय, काका."

पहिलं खोटं मी भीतीपोटी बोललो होतो. आणि हे? हे चांगला म्हणवून घ्यायला.

मंगलाष्टकं सुरू झाली. काका डोळे मिटून बसले. मध्येच म्हणाले, "इथं पेटीचा एक सूर जरासा उतरलाय." मग स्वतःच मान हलवली. "जाऊ दे. माझ्या कानाचं काय खरं!" आणि सूनबाईंना म्हणाले, "पोरगा सरळ आहे बरं का. कानाचं मला तोंडावर सांगितलं ते यानंच."

मी चहा घेतला. चहाही घेतला मी.

दुकानात येऊन, कॉम्प्युटरवर राहिलेली कॉपी हेडफोन लावून ऐकली. मला गाण्यातलं कळत नाही. तरी तिसऱ्या खेपेला ती जागा सापडली. सूर उतरलेला होता. केसाएवढा.

काका त्यानंतर सहा वर्षं होते. मी रोज त्यांच्या दारावरून जायचो. पेटी गवसणीतच राहिली.

त्यांचे कान चांगले होते.