एका पातीत एक उत्तर

"आता नाई याडी, धुऱ्यावर बोलू."

कापूस वेचताना काई इचारलं का ते पोरगी मान वर न करता हेच म्हने. ते बंजाऱ्यायच्या तांड्यावरची. त्यायच्यात मायले याडी म्हनते, म्हनून मीबी तिची याडी झाली.

मी बायायच्या टोळीची मुकादमीन. कळंबच्या रस्त्यानं जे वावरं हायेत, तिथं बारा-पंधरा बाया घेऊन निंदाले, वेचाले जातो. ते पोरगी बारावीले होती. सकायी सातले वावरात, अकराच्या गाडीनं कॉलेजात, संध्याकायी घरी पानी भरनं, भाकरी टाकनं. बापानं सांगतलं होतं, "एका दमात पास झाली त नर्सचं शिक. नाई त उमरखेडकडचा पोरगा पाहून ठेवला हाय."

अभ्यासाले येळ कुठचा? त तिनं तो पातीतून काहाडला. पात म्हंजे एका बाईच्या वाट्याची ओळ. वावराच्या दोन्ही धुऱ्यावर, बांधावर म्हना, गोट्याखाली एकेक कागद ठेवे. या धुऱ्यावर एक उत्तर वाचे, ते तोंडात घोयवत पात वेचत जाय. त्या धुऱ्यावर पोचली का दुसरा कागद. पानी पेनं, हासनं, भांडनं, समदं धुऱ्यावर.

तुमी वेचनाऱ्या बाया पाह्यल्या असन त तुमाले मालूम हाय, तोंड थांबत नाई. तिले कायले सोडते?

"कलेक्टरीन हाय ते. धुऱ्यावर अर्ज द्या, मंग बोलन."

तेबी हासे, पन धुऱ्यावर गेल्यावर.

मले पह्यले राग ये. म्हनलं, "पोट्टे, बोंडात कापूस राह्यला त उद्यापासून येऊ नोको." दोनदा तिच्या पातीतून फिरून पाह्यलं. एक बोंड सुटलं नोतं. मंग म्या तिची पात माह्या शेजारीच लावली.

लेकरू कवा काय करते, त्याचा एक कागद होता. दोन दिवस तेच म्हनून राह्यली होती. "तिसऱ्या महिन्यात मान धरते. पाचव्यात पालथं होते."

म्या म्हनलं, "माहा दुसरा पाचव्यातच गेला. पालथा झालता."

ते थांबली. पातीत थांबलेली तेवढीच पाह्यली म्या.

"याडी, पुढचं म्हनू का?"

"म्हन ना. कायले थांबली?"

पेपर परवावर आला अन माही तंबाखूची पुडी फाटली. गोट्याखालचा कागद घेतला, पुडी बांधली, कमरेले खोचली. मले का वाचता येते? तिनं गोटा उचलला त खाली काईच नाई. म्या पुडी काहाडून देल्ली. घामानं समदी शाई पसरलेली. पुस्तक मैत्रिनीचं, ते कवाचं वापस गेलतं. पेपरच्या तोंडावर आता कोन देते?

ते रडली नाई. खाली बसली. "गेलं, याडी. आता काईच आठवत नाई."

म्या म्हनलं, "पेन काहाड."

"काहून?"

"लिही. तिसऱ्यात मान धरते. पाचव्यात पालथं होते. सातव्यात बसते. नवव्यात रांगते."

ते लिहत गेली. म्या शेवटलोक सांगतलं. मांगून एक बाई म्हने, "बुढे, तूच जाय आता पेपरले!" समद्या हासल्या. तिलेबी हासू आवरे ना.

पास झाली. एका दमात. बापानंबी शब्द पायला, नागपूरले नर्सच्या कॉलेजात नाव टाकलं.

गेली तवा आमी सोयाबीन निंदत होतो. तिची गाडी वावराच्या बाजूनंच गेली. तिनं हात हालवला का नाई, मले काई दिसलं नाई. मी इळा घेऊन उभी राह्यली. गाडी रस्त्याच्या वयनाआड गेली तरी उभीच. बाया पार पुढं निंगून गेलत्या.

एक वरडली, "ओ मुकादमीन, काय झालं वो? पात अर्ध्यात सोडली काय?"

म्हनलं, "येतो." अन निंदाले खाली बसली.