पिवळा दिवा आणि रामहरी मिस्तरी

सोनईत रामहरीनं चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले. बंद इंजिनाला कान लावून तो रोग सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचा. उरलेल्या वेळी मालकानंच डिझेल खराब भरलेलं असायचं. रामहरी कधी चुकायचा नाही.

तर या रामहरीच्या सूनबाईनं, रेश्मानं, आपल्या कारसाठी मोबाईलवरून नवा हवेचा पाइप आणि उघडा कापडी फिल्टर मागवला. नोकरीला रोज नगरला, सावेडीत जायचं, गाडी जरा मोकळी पळावी एवढीच हौस. "मामा, बसवाल ना?" तिनं विचारलं आणि म्हातारा मिशीत हसला. तासाभरात फिल्टरचा जुना काळा डबा निघाला, नवं सामान बसलं. गाडी अशी घुमली की गोठ्यातल्या बैलानं रवंथ थांबवलं.

तिसऱ्या दिवशी स्टेअरिंगपुढं इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला.

"मामा, रविवारपर्यंत विझला नाही तर मी गाडी नगरच्या शोरूमला नेते हं." पोर साधंच बोलली, पण रामहरीला ते झोंबलं. मिस्तरीच्या घरची गाडी दुसऱ्याच्या दारात! मग गावात मिस्तरी म्हणायचं तरी कुणाला?

त्यानं पाइपाच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा आवळल्या. म्हटलं, चोरून हवा शिरत असेल. दिवा तसाच. हवा मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग काढून पुन्हा बसवला, त्यावरचा बाण इंजिनाकडंच आहे ना, तेही पाहिलं. सगळं ठीक. शेवटी बॅटरीची वायर काढून तासाभरानं जोडली, आणि दिवा गेला! रामहरीनं बायकोला, आक्काबाईला, हाक मारून गेलेला दिवा दाखवला. दुसऱ्या दिवशी रेश्मा सावेडीहून आली ती दिवा घेऊनच.

शेजारचा गोरक्ष कुंपणावरून ओरडला, "नाना, दिवाळी लांब हाय, आत्ताच दिवा लावलाय व्हय?"

शनिवारी दुपारी जेवताना दार करकरलं. रामहरी तसाच उष्ट्या हातानं तेलाची बुधली घ्यायला उठला.

"बसा खाली!" आक्काबाई कडाडली. "दार वाजलं, घाल तेल. सायकल वाजली, घाल तेल. डोकं दुखलं, घाल तेल. गाडीला न्हाई ना पाजलं?"

रामहरी जागीच थांबला. पाजलं होतं. जुन्या ट्रॅक्टरच्या फिल्टरखाली तेलाची वाटीच असायची, धूळ त्यात बसायची. त्या सवयीनं त्यानं बसवताना या कापडी फिल्टरलाही तेलानं न्हाऊ घातलं होतं. आता इंजिन हवा ओढणार, तेल उडून सेन्सरच्या केसाएवढ्या तारेला चिकटणार, मग तो बिचारा हवेचं माप बरोबर कसं सांगणार?

"सापडलं!"

"काय?"

"चूक."

"कुणाची?"

रामहरीनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. तुकडा बराच वेळ वर आला नाही.

फिल्टर धुऊन सावलीत वाळवला. सेन्सरवर त्याच्यासाठीच मिळतो तो स्प्रे मारला, बोट न लावता. रविवारी सकाळी सगळं जोडलं आणि रामहरी सुनेपुढं घसा खाकरत उभा राहिला. "सूनबाई, तेल मीच घातलं हुतं. लई घातलं."

रेश्मानं हसू ओठात दाबलं, मोबाईलला जोडायच्या यंत्रानं गाडीत नोंदलेला जुना दोष पुसून दिवा घालवला आणि म्हणाली, "चला, सावेडीपर्यंत बघू."

अख्ख्या वाटेत रामहरीनं रस्ता पाहिलाच नाही. नजर त्या दिव्याच्या जागेवर. नगर आलं. शोरूमची पाटी समोर आली, बाजूला आली, मागं गेली. रेश्मानं गाडी वळवली नाही. सावेडीत दोघांनी चहा घेतला, परत निघाले, तरी दिव्याची जागा काळीच.

दारात गोरक्ष वाट बघत होता. "काय नाना, शेवटी नगरच्या मिस्तरीनंच काढला ना दिवा?"

रामहरीनं तोंड उघडण्याआधी रेश्मानं काच खाली घेतली. "न्हाई हो भाऊजी. आमच्याच मिस्तरीनं लावला हुता, आमच्याच मिस्तरीनं विझवला."