रतिलालकाकांची विलायतेतली मोट

आमच्या घराण्यात विलायतेला जाऊन आलेला पहिला माणूस म्हणजे रतिलालकाका. तिथे काय पाहिलं असं विचारलं की बाकीचे लोक राणीचा वाडा सांगतात, पूल सांगतात. काका सांगायचे, ‘‘वावर देखं.’’ म्हणजे शेत पाहिलं! त्या शेतात दोस्तांबरोबर तंबू ठोकून ते तीन दिवस राहिले, दुनियेची गाणी ऐकली आणि एक गाणं स्वतः म्हटलं. काका मुळातच बोलघेवडे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांचं गाणं ऐकणारे हजारभर होते, होळीपर्यंत त्यांचे पाच हजार झाले. माझे वडील गिरधरभाऊ म्हणजे काकांचे थोरले भाऊ. ते हे सगळं अडकित्त्याने सुपारी कातरत ऐकायचे, मान वर करायचे नाहीत. ‘‘थाप शे,’’ थाप आहे, एवढंच कधीतरी म्हणायचे.

त्याला कारण होतं, आणि ते विलायतेत नव्हतं, आमच्या तापीकाठच्या मळ्यातल्या विहिरीवर होतं.

पोरवयापासून काका त्या विहिरीवर मोट हाकायचे. चांद्या आणि मोऱ्या ही बैलजोडी धावेवरून, म्हणजे विहिरीपुढच्या उतारावरून, खाली गेली की पाण्याने भरलेली कातडी मोट वर यायची आणि थारोळ्यात रिकामी व्हायची. मग बैल तोंड न वळवता मागच्या पावलांनीच उतार चढायचे. काका त्यांच्याबरोबर पुढे जायचे, मागे यायचे, आणि सगळा वेळ गात असायचे. गाण्याशिवाय बैल चालत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आजी म्हणायची, बैलांचं सोडा, गाण्याशिवाय रत्याच चालत नाही.

वडील तेव्हा लांब उसात दारं धरायचे, पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचे. उसात उभा माणूस विहिरीवरून दिसत नाही. म्हणून मोट रिकामी झाली की काका हाक द्यायचे, ‘‘उनी रेऽ, मोट उनी!’’ मोट आली. पाणी पायाशी पोचलं की उसातून वडिलांचं उत्तर यायचं, ‘‘उनीऽऽ!’’ उत्तर आलं नाही तर समजायचं की वाटेत कुठे पाट फुटला. मग बैल थांबवायचे आणि फावडं घेऊन पळायचं. दोघे भाऊ दिवसभर एकमेकांशी एवढंच बोलायचे, आणि आजी सांगायची की त्या दिवसांत त्यांचं कधी भांडण झालं नाही.

छप्पन साली वडिलांनी ऑइल इंजिन आणलं. शहाणपणाचंच केलं त्यांनी, ऊस दुपटीने वाढला. बैल गाडीला जुंपले गेले, मोट गोठ्यात टांगली गेली आणि काकांचं गाणं बंद पडलं. गळा मात्र गप्प बसेना. म्हणून एका संध्याकाळी ते मंदिरात भजनी मंडळात जाऊन बसले. मंडळाचे पुढारी माझे वडीलच, पेटी तेच वाजवायचे. काकांनी मांडी घातली, टाळ हातात घेतले आणि तोंड उघडलं. सूर तापीच्या या काठाला, ताल त्या काठाला! त्यात त्यांचे गुडघे आपोआप वरखाली व्हायला लागले. वडिलांनी पेटी थांबवली आणि भर मंडळात म्हणाले, ‘‘रत्या, तुन्हा गळा बैलेसाठे शे, भजनसाठे नही.’’

सगळं मंदिर खो खो हसलं. काकांनी टाळ खाली ठेवले, ते उठले आणि त्यानंतर त्यांचं गाणं गावात कुणी ऐकलं नाही. लग्न झालं, निर्मलाकाकू घरात आली, तिनेसुद्धा ऐकलं नाही. वडील माझे असले तरी सांगते, या एका गोष्टीचा मला त्यांचा अजून राग येतो. भावाला घरात बोलायचं ते बोलावं, चारचौघांत बोलू नये.

काकांनी राग धरला तो इंजिनावर. ‘हे काय मोठं लागून गेलं,’ म्हणून त्यांनी ते खोलूनच पाहिलं आणि खोलता खोलता शिकले. पुढे नंदुरबारला इंजिनांच्या दुकानात फिटर झाले. शहाद्यापासून नवापूरपर्यंत कुणाचं इंजिन अडलं की रतिलालभाऊंना बोलावणं यायचं. पासष्ट साली इंजिनाच्या कंपनीने त्यांना वर्षभर शिकायला थेट विलायतेच्या कारखान्यात पाठवलं. सुरतेच्या गाडीत बसवायला निम्मं गाव स्टेशनवर आलं होतं. आजीने मिरचीच्या तिखटाचा डबा दिला. वडील म्हणाले, ‘‘थंडीमा कान बांधत जाय.’’ आणि लगेच तोंड फिरवून हमालाशी भांडायला लागले.

कारखान्यात काकांना दोन दोस्त मिळाले. टॉम तिथलाच, बांबूसारखा उंच. कोफी आफ्रिकेतल्या घाना देशाचा, काकांसारखाच शिकायला आलेला. दुसऱ्या उन्हाळ्यात टॉम म्हणाला, चला, गाण्याच्या जलशाला जाऊ. काकांनी इस्त्रीचा कोट घातला, टाय बांधला आणि निघाले. जाऊन बघतात तो काय, गुरं चारायचं एक भलंमोठं कुरण! एका टेकडीचा उतार, उताराच्या तळाला फळ्यांचा मंच आणि वरपर्यंत तंबूच तंबू. हजारो पोरंपोरी गवतात लोळत होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी वाजवायचं होतं. काका सांगायचे, सारंगखेड्याचीच जत्रा ती, फक्त घोड्यांच्या जागी गिटारी.

टॉमचा तंबू त्याच्या मामाचा, लढाईच्या काळातला. पहिल्याच दिवशी सर आली आणि बाहेर जेवढा पाऊस पडला तेवढाच आतही पडला. टॉमने डब्यातल्या घेवड्याच्या गोडुस बिया गरम केल्या. काकांनी त्यावर आजीचं तिखट भुरभुरलं. कोफीला आपल्या आईच्या हातची आठवण झाली. टॉमच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण पठ्ठ्याने भांडं चाटून पुसून साफ केलं. त्या दिवसापासून त्या तिघांची दोस्ती पक्की झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी आणायची पाळी काकांची होती. तंबू उतारावर, नळ तळाला. हातात रिकामी बादली घेऊन काका उतरायला लागले आणि पायांना तो उतार ओळखू आला. डोक्याने काही ठरवायच्या आत पावलं मोटेच्या चालीने पडायला लागली आणि गळ्यातून आवाज निघाला.

चाल मन्हा चांद्या, चाल मन्हा मोऱ्या,
ऊस बलाई ऱ्हायना भाऊ, पाय उचल पोऱ्या!

ऊस बोलावतो आहे, पाय उचल! इतक्या वर्षांचा साचलेला आवाज तो. नळावरची रांग मागे वळून बघायला लागली, टॉम एका पायात बूट घालून तंबूबाहेर आला. मग काकांनी चहाची किटली आणि दोरी घेऊन दोघांना मोट समजावून सांगितली. बैल कसे पुढे जातात, मागे येतात, हाक कशी द्यायची, उसातून भाऊ काय उत्तर देतो, सगळं सांगितलं. कोफीने ते ‘उनीऽऽ’ दोनचारदा म्हणून पाहिलं. काका नळावर परत गेले तेवढ्यात या दोन महाभागांनी मंचावर जाऊन त्यांचं नाव देऊन टाकलं. रविवारी दुपारी तिथे कुणीही येऊन गावं, अशी रीत होती.

रविवारी नाव पुकारलं तेव्हा काका तंबूकडे वळले. दोस्तांनी ढकलत वर चढवलं. पुढे माईक, समोर माणसांचा डोंगर. काकांनी पहिली ओळ म्हटली, ती नीट लागली नाही. सवयीने पाय पुढे पडला, तर आवाज माईकबाहेर गेला. मागे आले, तर फिडलवाल्याच्या खुर्चीवर आदळले. खुर्ची उलटली, लोक हसले. मंचावरच्या एका भल्या माणसाने त्यांचे खांदे धरून त्यांना माईकसमोर परत नीट उभं केलं. उभं राहिल्यावर तर गळाच बंद झाला. काका म्हणायचे, ‘‘माले तठे आपलं मंदिर दिसनं. मी मनमा म्हणं, भाऊ खरं बोलना व्हता.’’

काका मंचावरून उतरले आणि खाली मान घालून निघाले. आता जन्मात पुन्हा गायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

टॉमने त्यांचा दंड धरला आणि तो गर्दीकडे वळून ओरडला, ‘‘याला उभ्याने गाता येत नाही! याला चालावं लागतं! वाट द्या!’’ तो एकीकडून लोकांना सरकवायला लागला, कोफी दुसरीकडून. बसलेले लोक हसत हसत उठले, चटया गोळा झाल्या आणि मंचापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत गवताचा एक सरळ पट्टा मोकळा झाला. काका बघतच राहिले. ती धाव होती. आमच्या विहिरीवरची असते तशीच, फक्त दसपट लांब.

त्यांनी कोट काढला, टाय काढला, बूट काढले आणि अनवाणी माथ्यापर्यंत चढून गेले. कोफी तिथेच वर उभा राहिला. काका वळले, डाव्या हाताला चांद्या, उजव्या हाताला मोऱ्या धरला आणि निघाले. आता सूर शोधावा लागला नाही, पाय पडत गेले तसा तो येत गेला. माईक कशाला लागतोय! तापी ओलांडून जाणारा गळा तो. लोकांचं बोलणं थांबलं. तळाला पोचल्यावर काकांनी मान वर करून हाक दिली, ‘‘उनी रेऽ, मोट उनी!’’

आणि सवयीने थांबले. उत्तर येईपर्यंत पुढची ओळ म्हणायचीच नसते. आता तिथे कोण उत्तर देणार? सगळी टेकडी चिडीचूप. काकांना वाटलं, पाट फुटला.

तेवढ्यात माथ्यावरून कोफीचा दणदणीत आवाज आला, ‘‘उनीऽऽ!’’

काका मागच्या पावलांनी चढायला लागले, गात गातच. दुसऱ्या फेरीला उत्तर द्यायला टॉम होता, नळाच्या रांगेतल्या पोरी होत्या. तिसऱ्या फेरीला अख्खी टेकडी ‘उनीऽऽ’ म्हणून गर्जली. लोक उठून काकांच्या मागे चालायला लागले, त्यांच्याबरोबर पुढे, त्यांच्याबरोबर मागे, एकमेकांचे पाय तुडवत, हसत. मगाशी पडलेला फिडलवाला खुर्ची सोडून त्यात शिरला. शेवटी गळा सुकला तेव्हा टॉम आणि कोफीने काकांना खांद्यावर घेतलं. ‘‘माले इतला आनंद कधीच नही व्हयना,’’ असं काका सांगायचे आणि तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं की थाप वाटायची नाही. निदान मला तरी.

वडिलांना वाटायची. काका परत आल्यावर वर्षभर हा वाद चालला. शेवटी एका संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर मृदंगवाले नवलसिंगभाऊ म्हणाले, ‘‘रतिलालभाऊ, एकदाव म्हणी दखाड, म्हणजे मिटनं.’’

वडील म्हणाले, ‘‘हा, बठ आणि म्हण. आयकू दे आमले बी.’’

‘‘बठीसन नही,’’ काका म्हणाले. ‘‘मळामा चला.’’

सगळं मंडळ मळ्याकडे निघालं, मागून आम्ही घरचेही निघालो. विहिरीवरची धाव अजून होती, गवत माजलेली. त्याच साली ती सपाट करून तिथे ऊस लावायचं वडिलांनी ठरवलं होतं. मळ्यात पोचताच वडिलांनी फावडं उचललं. ‘‘तुम्ही आयका. माले दारं धरनं शे,’’ असं म्हणून ते उसात दिसेनासे झाले. ऐकायचंच नव्हतं त्यांना. दहा-अकरा वर्षांपूर्वी आपण भावाला काय बोललो, ते त्यांना पक्कं आठवत होतं, असं मला वाटतं.

काकांनी आधी इंजिन बंद केलं. मळा एकदम शांत झाला. मग चपला काढल्या, धावेच्या माथ्यावर गेले आणि दोन्ही हात दोन बाजूंना धरून निघाले. निर्मलाकाकूने तोंडाला पदर लावला. नवलसिंगभाऊंचे डोळे विस्फारले. एवढा गळा गावात होता आणि आपण त्याला मांडी घालून बसवला होता! तळाशी येऊन काकांनी उसाकडे तोंड केलं.

‘‘उनी रेऽ, मोट उनी!’’

काहीच नाही. मंडळातले दोघे-तिघे उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मागच्या पावलांनी वर गेले, पुन्हा खाली आले, पुन्हा हाक दिली. ऊस गप्पच. कुणीतरी म्हणालं, चला घरी. काका हलले नाहीत. विलायतेत हजारो माणसांनी उत्तर दिलं होतं त्यांना, पण त्यांना ते या एका माणसाकडून हवं होतं. तिसऱ्यांदा हाक देताना त्यांचा आवाज चिरकला.

उसाची पानं हलली. आत खूप लांबून वडिलांचा बारीक आवाज आला, ‘‘उनीऽऽ!’’

काका मटकन धावेवरच बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागले. मग उसातून वडील पुन्हा ओरडले, या खेपेला पहिल्यासारखे खेकसून, आणखी म्हण म्हणून, ‘‘आखो म्हण ना, रत्या! थांबना कसाले?’’

काकांनी डोळे पुसले, उठले आणि मागच्या पावलांनी धाव चढायला लागले.