दादाच्या शेडकार्डाचं शेवटचं पान

डाइंगमधले किस्से नखांतल्या रंगासारखे साठतात, धुवून जात नाहीत. हाटकेशच्या आमच्या कापड रंगवायच्या गाळ्यात तर ढीग! दादाचं तेरावं मागच्या आठवड्यात झालं. आता सांगूनच टाकतो.

*

माझा थोरला भाऊ, दादा, तिथे डाइंग मास्तर. चिंधी बघितली की शेडचा नंबर सांगायचा. एकदा शेठने मुद्दाम दोन सारख्या चिंध्या पुढे टाकल्या. दादा म्हणाला, "शेठ, ही एकदा धुतलीय!"

*

रंग आमच्या अंगातच मुरलेला. मशीनवरचा यादव थुंकला तर हिरवं, माझी उशी निळी. आई ओरडायची, "मेल्यांनो, माणसं आहात की पतंग!"

*

एका दसऱ्याला मशीनला हार घालून झाले आणि दादा बाथरूममधून आला. "आज लघवी लाल झाली रे!"

आम्ही खिदळलो. "कुठला नंबर, मास्तर?" मीच विचारलं. मीच!

दुखत नव्हतं, जळजळ नव्हती. दोन दिवसांत आपोआप साफ. काही महिन्यांनी परत लाल. जवळच्या गोडदेवमधल्या डॉक्टरांनी उष्णतेच्या गोळ्या दिल्या. लाल थांबलं. दादाने त्यांना पेढे नेऊन दिले!

*

तिसऱ्यांदा रक्ताच्या गाठी पडल्या, तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात गेलो. लघवीच्या पिशवीचा कॅन्सर. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "पहिल्यांदा कधी दिसलं?"

"दोन वर्षं झाली," दादा म्हणाला. "रंगाचं काम करतो साहेब, वाटलं रंगच असेल."

"रंग की रक्त, न तपासता कसं ठरवलंत? दुखत नाही, तेव्हाच जास्त घाबरायचं. एकदा दिसलं, थांबलं, तरी यायचं."

दादा हळूच म्हणाला, "हिला सांगू नका."

वहिनी मागेच उभी होती.

*

परवा यादव बाथरूममधून आला. "छोटे, आज मेरा भी लाल!" कुणीतरी हसलं. मी मशीन चालू सोडलं, त्याची कॉलर धरली आणि रिक्षात कोंबला.

"दर्द नहीं है, पागल!"

"इसीलिए चल!"

गोडदेवचे तेच डॉक्टर. माझ्याकडे बघितलं. गोळ्यांचं नाव काढलं नाही. लघवी तपासायला घेतली, मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "उद्याच जा."

*

काल दादाचं शेडकार्ड, त्याची रंगांच्या नमुन्यांची वही, उघडलं. प्रत्येक चिंधीखाली त्याच्या अक्षरात नंबर. शेवटच्या पानावर एक पांढरी चिंधी, तिच्यावर सुकून तपकिरी झालेला डाग. आमचा लाल रंग सुकला तरी लालच राहतो, एवढं मलाही कळतं.

खाली नंबर नव्हता. तारीख होती. त्या दसऱ्याची.