कागदाबाहेर पडलेलं ‘नये’

देहूरोडजवळच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि थोड्याच दिवसांत तिथं संगणक आला. माझा हात जलद होता म्हणून मला उचलून त्या गार खोलीत बसवलं. कार्ल्याच्या आमच्या बौद्धवाडीतून पगारावर जाणारी मी पहिलीच मुलगी. आई शेजारणींना सांगायची, आमची पोरगी मशीनला हुकूम सोडते. ते अगदीच खोटं नव्हतं.

खोलीत टाइपरायटरसारखं एक यंत्र होतं. त्यावर एक ओळ टाइप केली की संगणक ती वाचायचा आणि सांगितलेलं काम करायचा. मजकूर आधी साधा, जसाच्या तसा भरून ठेवलेला असे. तो छापण्याजोगा करायला एक प्रोग्रॅम होता. प्रोग्रॅमचं नाव, मजकुराचं नाव, ओळीत किती अक्षरं, पानावर किती ओळी, एवढं टाइप करायचं. मग तो समास सोडायचा, लांब ओळी मोडायचा, पानांना आकडे घालायचा. मला त्या कामाची ओढ लागली होती, आणि धाकधूकही तेवढीच. माझ्या एका आकड्यावर शेजारच्या छपाईयंत्रातून भराभर कागद बाहेर पडायचा आणि तो पुढं कुठं जातो, हे मला दिसायचं नाही.

विभागाच्या साहेबांनी एकदा कामगारांसाठीच्या सूचना भरायला दिल्या. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी. आमच्या छपाईयंत्राला दुसरी अक्षरंच नव्हती. शिवाय यंत्रं फिरवणाऱ्या पट्ट्यांच्या खात्यावर दक्षिणेतून नवा सुपरवायझर आला होता, त्याला मराठी येत नव्हती आणि देवनागरी वाचता येत नव्हती. पाळी सुरू होताना त्यानं त्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवायच्या, असं ठरलं होतं. मी त्या भरल्या, तपासल्या. छपाई दुसऱ्या पाळीत झाली.

माझा थोरला भाऊ त्याच पट्ट्यांच्या खात्यात होता. त्या आठवड्यातल्या रविवारी जेवताना त्यानं सहज सांगितलं, की काल एका नव्या माणसाची दोन बोटं पट्ट्यात सापडली. माणूस आमच्या वरच्या ठाकरवाडीतला. सांगितलेलं ऐकत नाही, असा शेरा मारून त्याला घरी पाठवलं होतं.

“पर सुपरवायझर सायेबानं वाचलंच तसं व्हतं,” दादा म्हणाला. “पट्टा फिरत असताना जाळीच्या आत हात घालू. आन् थांबला. आमी हसलो. जुन्या मान्सांना ठावं हाय, त्यो नवा.”

घास माझ्या हातातच राहिला. ‘घालू नये’ असं मी टाइप केलं होतं. नक्की केलं होतं. पण जरा वेळानं तेही नक्की वाटेना. डोळ्यांपुढं ते पान आणायचा प्रयत्न करत होते आणि दर वेळी ओळ ‘घालू’पाशीच संपत होती. आई म्हणाली, उद्या जाशील तेव्हा बघ. मला उद्यापर्यंत थांबवेना. दुपारी दादाला घेऊन मी ठाकरवाडी चढले.

तो माणूस दारात बसला होता, हात फडक्यात बांधलेला. मी कोण, कुठल्या कामावर, ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. रागावला नाही, त्यामुळं मलाच अवघडल्यासारखं झालं.

“बाय, मी इचारलं व्हतं,” तो म्हणाला. “बाजूच्याला म्हनलं, हात घालायचा का? त्यो हसला. मंग मी घातला.”

बाजूला कोण होतं, ते मला दादाच्या तोंडाकडं बघून कळलं.

सोमवारी नेहमीच्या आधीची गाडी धरली. खोलीला कुलूप होतं म्हणून मी साहेबांच्या दारापुढं येरझाऱ्या घालत राहिले. ते आल्यावर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी मला तो मजकूर मागवायला सांगितला. यंत्र एकेक अक्षर टकटक उमटवत गेलं आणि शेवटी ‘नये’ आलं. मी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

मग ते छपाईयंत्रापाशी गेले. रुंद कागद संपला होता आणि दुसऱ्या पाळीत अरुंद कागद चढवला होता. हुकुमातला अक्षरांचा आकडा मात्र रुंद कागदाचाच राहिला. आखूड सूचना नीट बसल्या. लांब ओळींचे शेवटचे शब्द कागदाबाहेर गेले. जिथं कागदच नव्हता तिथं यंत्राच्या अक्षरं उमटवणाऱ्या हातोड्या आपटत राहिल्या. असे तीन-चार ‘नये’ गेले होते.

साहेब मला घेऊन तसेच खात्यात गेले. सुपरवायझरच्या हातात तोच कागद होता. साहेबांनी तो काढून घेतला आणि इंग्रजीत समजावलं. सुपरवायझरचा चेहरा उतरला. लिहिलं होतं ते वाचलं, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. जखमी माणसावरचा शेरा त्याच दिवशी काढला आणि त्याला परत बोलवायचं ठरलं.

मी आकडा कमी करून पुन्हा हुकूम टाइप केला. आता लांब ओळी मोडल्या, पण ‘नये’ एकटंच खालच्या ओळीवर उतरलं. भाषा न कळणारा माणूस वरच्या ओळीच्या शेवटी दम घेणार, हे मला दिसत होतं. ते तसंच सोडून द्यायला मन होईना. शेवटी साहेबांना विचारलं, की वाक्यंच बदलू का? ‘नये’ असलेल्या प्रत्येक वाक्याच्या आधी ‘मनाई’ घालते, म्हणजे शेवट तुटला तरी सुरुवात ऐकू जाईल. त्यांनी जरा विचार करून होकार दिला. तो दिवस त्यातच गेला.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा वर गेलो, बोलावणं सांगायला. त्यानं विचारलं, वाचणारा बदलला का? मी म्हटलं, वाचणारा तोच, कागद बदललाय.

“मंग ऱ्हाऊ द्या,” तो म्हणाला.

दादा त्याच्या शेजारी बसला. “बाजूला मी व्हतो,” तो म्हणाला. “मी हसायला नको व्हतं.”

“तुला तरी कुटं ठावं व्हतं मी खरंच घालीन म्हनून.”

तो कामावर परत आला नाही. भुशी गावाकडं गवंड्याच्या हाताखाली जायला लागला. बोटं जरा ताठच राहिली, असं नंतर कळलं. खात्यात नवा माणूस आला, की दादा आपली जागा सोडून त्याच्याजवळ जायचा, जाळी दाखवायचा, हात कुठं न्यायचा नाही ते तोंडानं सांगायचा. त्यासाठी त्यानं बोलणीही खाल्ली. आणि मला छपाई चालू असताना बसवत नसे. कागदाच्या उजव्या कडेला उभी राहून मी ओळींची टोकं बघत राहायची. बरोबरच्या मुली म्हणायच्या, अगं, बस की. पाय दुखायचे, पण मी काही बसले नाही.