चौकटीवरचे दोन गोल

रंगाऱ्यानं आमच्या चाळीतल्या खोलीची चौकट घासली आणि जुन्या रंगाखालून, डाव्या बाजूला, लाल रंगाचे दोन फिकट गोल वर आले. "प्लेगच्या वेळचे आहेत," तो म्हणाला. "घरात माणूस गेलं की सरकारी लोक दारावर असा एक गोल काढायचे. जुन्या चाळींत दिसतात कधीकधी."

मी बघतच राहिलो. दर दसऱ्याला आई नेमकी तिथंच कुंकवाची दोन बोटं लावायची. मी वैतागायचो, "अगं, दाराच्या मधोमध लाव की. हे काय कोपऱ्यात!" ती म्हणायची, "सासूबाई इथंच लावायच्या. त्यांच्या सासूबाईही." का, ते तिलाही ठाऊक नव्हतं. कोण गेलं ते घर विसरलं होतं. बोटं तेवढी विसरली नव्हती. शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून ती मधोमध लावू लागली. तेव्हापासून त्या दोघांची कुणी आठवण ठेवली नाही.

"भेगांत लांबी भरून रंग मारू ना?" रंगाऱ्यानं विचारलं.

"थांबा जरा," म्हणालो आणि कुंकू आणायला आत गेलो. आईला जाऊन चार वर्षं झाली. तिचा करंडा कुठं असतो, हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.